सोडवणीची कात्री

“मॅडमनू, यंत्राक हार घातलो म्हणान यंत्र मरता काय? तुमीच सांगा माका.”

“यंत्र मरत नाही, रघुकाका. हाराचा दोरा फिरत्या दांड्यात अडकला तर माणूस मरतो.”

“बावीस वर्सा अडाकलो नाय.”

“तेविसाव्या वर्षी अडकणार नाही, असं लिहून देता?”

रघुनाथ घाडीनं टेबलावरचा हात मागं घेतला. लिहून द्यायची भाषा निघाली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. गिरणी बंद पडायच्या वेळी तो एका कोऱ्या कागदावर सही करून बसला होता, तेव्हापासूनचं ते दुखणं.

समोर बसलेल्या मेघना मॅडम म्हणजे विद्यापीठाच्या नव्या सुरक्षा अधिकारी. फणसवाडीत वाढलेल्या, तिशीच्या, बोलायला रोखठोक. आठ महिन्यांपूर्वी त्या आल्या आणि परळच्या या विज्ञान इमारतीत वस्तूवस्तूवर चिठ्ठी चिकटली. ‘येथे पाय घसरतो.’ ‘येथे चहा पिऊ नये.’ जिन्याखालच्या आगीच्या वाळूच्या बादलीत सफाईच्या रमाबाईंनी गवती चहा लावला होता, तोही त्यांनी उपटायला लावला. रमाबाई चार दिवस बोलल्या नाहीत. आता मॅडमच्या शिफारशीवरून परिपत्रक निघालं होतं, की यंदापासून खंडेनवमीला प्रयोगशाळांत यंत्रपूजा करू नये.

रघु रसायन विभागात परिचर. जानेवारीत निवृत्त व्हायचा. म्हणजे ही त्याची शेवटची खंडेनवमी, आणि तीच हातातून चाललेली. म्हणून तो दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर भांडायला उतरला होता.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला. “असं करू. येत्या मंगळवारी नवीन कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आहे. अकरा जण आहेत. आग विझवायचं प्रात्यक्षिक तुमच्याच मजल्यावरच्या अग्निशामक बाटल्यावर घेऊ. दर वर्षी तुम्ही त्याचीही पूजा करता ना? पूजा होऊनसुद्धा तो नीट चालला, तर मी स्वतः साहेबांकडे जाऊन परिपत्रक मागे घ्यायला सांगते.”

“आणि नाय चाललो तर?”

“तर पूजा बंद. तुम्हीच सगळ्यांना सांगायचं.”

“ठरला!” रघु एवढ्या मोठ्यानं म्हणाला की बाहेरच्या बाकावरचा माणूस दचकून उठला. रघुचं बोलणं नेहमीच मोठं. उजवा कान गिरणीतच ठेवून आला होता तो.

कणकवलीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी त्याचं गाव. विसाव्या वर्षी काळाचौकीला चुलत्याच्या खोलीत आला. मोठ्या संपानंतर अर्ध्या गिरण्या उठल्याच नव्हत्या. जी एक कशीबशी उठली, तिच्या साचाखात्यात रघु बदली कामगार म्हणून लागला. साचा म्हणजे माग. एका खात्यात शेकड्यांनी साचे, आणि सगळे एकदम धडधडायला लागले की शेजारच्याची शिवीसुद्धा ऐकू यायची नाही. सगळं बोलणं हातावारी आणि ओठावारी. भूक लागली, धागा तुटला, साहेब आला, याला त्याला खुणा ठरलेल्या. एकमेकांच्या बायकांवरून केलेल्या चेष्टासुद्धा खुणेनंच चालायच्या आणि हसू मात्र कुणालाच ऐकू यायचं नाही.

त्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, शामराव राणे. अंगानं काटकुळा, पण खात्यात शिरला की माणसं धोतराचा सोगा आधी खोचायची. सैल कपडा दिसला की शामराव काही न बोलता तो धरून टरकन फाडायचा. “साच्याच्या पट्ट्यान फाडण्यापेक्षा मी फाडलेला बरा,” म्हणायचा.

आणि खंडेनवमी! त्या दिवशी दुपारनंतर गिरणी शांत व्हायची. वर्षभर कान फाडणारं ते खातं एकदम देवळासारखं व्हायचं. साचे पुसून लख्ख, प्रत्येकाला झेंडूचा हार, प्रत्येकाला लाल-पिवळा धागा. लालबागहून बायका पोरांना कडेवर घेऊन बापाचा साचा बघायला यायच्या. रघु घाड्याचा पोर. गावाला देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडं. म्हणून शामरावानं दुसऱ्याच वर्षी त्याला पुढं ढकलला आणि पोरसवदा रघुनं साच्यांपुढं उभं राहून आवाज लावला, “बा देवा म्हाराजा!” पाठीमागं तीनशे माणसं एका गळ्यानं म्हणाली, “व्हय म्हाराजा!” तो ‘व्हय’ त्याच्या चांगल्या कानात अजून होता.

गिरणी मेली. तिच्या जागी आता काचेची इमारत आहे आणि तिच्या फाटकावरचा पहारेकरी रघुला तिथं उभासुद्धा राहू देत नाही. काही वर्षं हमाली, काही वर्षं रखवाली करून रघु विद्यापीठात लागला. पहिल्याच खंडेनवमीला त्यानं पाणी ऊर्ध्वपातित करायच्या जुन्या बंबापुढं एकट्यानं नारळ फोडला. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला फक्त रमाबाई. पुढल्या वर्षी दोन शिपाई आले, मग प्रयोगशाळा सहायक, मग पेढ्याला का होईना, प्राध्यापकही. गिरणीतलं दुसरं काही त्याच्यापाशी उरलं नव्हतं. कार्ड नाही, फोटो नाही. तो एक दिवस होता.

मंगळवार उजाडला. वरच्या सभागृहात अकरा नवे चेहरे पंख्याखाली बसले. मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. बाहेर पडायचे दोन मार्ग पहिल्याच दिवशी चालून बघा. जड पेटी पाठीनं नाही, गुडघ्यांत वाकून उचला. डोळ्यांत रसायन उडालं तर चोळू नका, पंधरा मिनिटं पाण्याखाली धरा. अपघात झाला तर सांगाच, पण होता होता राहिला तरी सांगा. त्यासाठी तळमजल्यावर वही ठेवली आहे.

“होता होता राहिलेलं कशाला सांगायचं?” मागच्या रांगेतून एकानं विचारलं.

“कारण पुढल्या वेळी ते राहणार नाही.”

रघु दाराशी उभा राहून ऐकत होता. ‘चेडवाक अक्कल आसा,’ असं त्यानं मनाशी कबूल केलं. पण त्याचं लक्ष नव्या पोरांकडं होतं. पाच जण पेंगत होते. पुढच्या रांगेतली एक तेवढी लिहून घेत होती. प्रिती नाव. नायगावच्या बीडीडी चाळीतली, बाप पोलिसात, प्रयोगशाळा सहायक म्हणून लागून तिला आठवडाच झाला होता.

मग सगळे मागच्या अंगणात उतरले. लोखंडी परातीत चिंध्या आणि डिझेल. रघुनं दुसऱ्या मजल्यावरचा लाल बाटला खांद्यावरून आणला, जावयाला आणावं तसा. वर झेंडूची एक सुकी पाकळी अजून चिकटलेली. काटा हिरव्या पट्ट्यावर, तपासणीची चिठ्ठी एप्रिलची. सगळं झक्क.

“बघा रे पोरांनू,” त्यानं सांगायला घेतलं, “ही पिन. ही वडूची. मगे नळी धरूची जाळाच्या बुडाक, शेंड्याक न्हय. खटको दाबूचो. आणि झाडू मारतात तशी हय-थय फिरवूची. झाडू मारूक येता ना? का ता पण आवसच मारता?”

पोरं हसली. परात पेटली. प्रिती पुढं झाली.

तिनं पिन ओढली. आली नाही. दोन्ही हातांनी ओढली. बाटला पायांत धरून ओढली. जाळ कमरेएवढा झाला, वाऱ्यानं तिच्याकडं झुकला. “काका, निघत नाहीये!” तिचा आवाज फाटला. रघु धावला. त्याच्या हाताला पंचेचाळीस किलोच्या कापडाच्या गाठीची सवय होती. पिन त्यालाही दाद देईना. तेवढ्यात मॅडमनी बाजूला ठेवलेला दुसरा बाटला उचलला, आणि चार श्वासांत जाळाचा पांढरा भुसा झाला.

“काकांनी देवाला घट्ट बांधून ठेवलंय, पळून जाईल म्हणून,” मागच्या रांगेतला तोच प्रश्न विचारणारा म्हणाला. दोघं-तिघं हसली. प्रिती हसली नाही. ती परातीपासून चार पावलं मागं जाऊन उभी होती.

मॅडमनी रघुचा बाटला ओट्यावर ठेवला आणि नखानं पिनेजवळचं खरवडायला लागल्या. पिनेच्या कडीतून, मुठीवरून, परत कडीतून गेलेला लाल-पिवळा धागा. गेल्या वर्षीचा. त्याच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याच्याखाली आणखी एक, काळा पडलेला. आणि भोकात ओल्या हळदीकुंकवाचा तीन वर्षांचा लगदा, वाळून सिमेंट झालेला. तपासणीवाल्यानं वरून फडकं मारून चिठ्ठी डकवली होती. त्यानंही देवाच्या धाग्याला हात लावला नव्हता.

रघुनं वाकून धागा बघितला. गाठ त्याचीच होती. घाड्याच्या घरची, उलटी मारलेली, ओढली की आवळणारी.

संध्याकाळी काळाचौकीला घरी आला तो चप्पल न काढताच खाटेवर बसला. मालन मोरीपाशी बांगडे साफ करत होती. मालन म्हणजे शामराव जॉबरची धाकटी लेक. बापाचं नाक आणि बापाचीच जीभ घेऊन आलेली.

“काय झाला? तोंड कित्या वाळलला?”

रघुनं सांगितलं. बाटला, पिन, जाळ, ती पोर. सांगताना आवाज उतरत उतरत नेहमीच्या माणसांएवढा झाला, तेव्हा मालनला कळलं की गोष्ट बरीच खोल गेलीय.

“तीन वर्सांचो धागो?” तिनं बांगड्याचं पर कचकन कापलं. “आणि सोडवलास नाय?”

“सोडवूचो काय तेच्यात? देवाचो धागो...”

मालननं हातातली कात्री त्याच्यासमोर धरली. लांब पात्यांची, काळी, खवले चिकटलेली. “ही कोणाची?”

“तुझ्या बापाशीची.”

“आणि माझो बापूस ही घेवन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंधारातच खय जाय? बांगडे कापूक?”

रघु कात्रीकडं बघतच राहिला. आणि मग त्याला ते सगळं दिसलं. दसऱ्याची सुट्टी संपलेली पहाट, पहिला भोंगा व्हायचा होता. अंधारं खातं, शिळ्या झेंडूचा आंबूस वास, आणि शामराव एकेका साच्यापाशी वाकून कचकच धागे कापतोय. मागून टोपली घेऊन झोपाळलेला रघु. शामराव त्याला ‘सोडवण’ म्हणायचा. जेवढे बांधले तेवढे कापलेले टोपलीत मोजून घ्यायचे. आकडा जुळला की मग हात वर करून मोटरवाल्याला खूण. एक धागा जरी कमी आला, तरी साहेबाच्या बापाच्यानं खातं चालू व्हायचं नाही.

“देव बांधूचो सांजेक, सोडवूचो सकाळी,” शामराव म्हणायचा. “बांधून ठेवलेलो देव काय कामाचो?”

रघु हे विसरला होता असं नाही. त्यानं ते कधी घेतलंच नव्हतं. बांधताना गाऱ्हाणं असतं, पेढे असतात, बायकापोरं बघत असतात. सोडवताना काय, नुसतं पाठ मोडायचं काम. गिरणीतून येताना त्यानं सण तेवढा बरोबर आणला. बाकीचं तिथंच टाकून आला. आणि बावीस वर्षं मिशीला पीळ देऊन सांगत राहिला, की आमच्या गिरणीत असंच करायचे.

“त्या पोरीचो हात भाजलो असतो गो,” तो म्हणाला.

“नाय भाजलो मां? मगे उठ. पाय धू. माशे तळतंय.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तो मॅडमच्या टेबलाशी उभा राहिला. “ती वही खय आसा? होता होता रवललो अपघात लिवची?”

मॅडमनी वही पुढं केली. रघुनं वाकडंतिकडं लिहिलं. कारणाच्या रकान्यात, ‘धागा मी बांधला. सोडवला नाही. र. घाडी.’ आणि सही केली. कोऱ्या कागदानंतर कुठंही राजीखुशीनं केलेली ती पहिली सही असेल.

“पूजा बंद. ठरला तसा. वर जावन सगळ्यांका सांगतंय.” तो वळला, मग थांबला. “फक्त एक. गिरणीत ह्या असा नव्हता. तुमका वाटात, गिरणीची माणसा अशीच अडाणी. तसा न्हय. तेंच्याकडे कात्री होती.” आणि उभ्या उभ्या त्यानं सोडवण सांगितली. काही मिळवायला नव्हे. शामरावाच्या नावाला बट्टा नको म्हणून.

मॅडम ऐकत होत्या. टोपलीचा आकडा जुळल्याशिवाय मोटर नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

“हे कुठल्या सालचं?”

“संपानंतरचा. पण शामरावान ता तेच्या जॉबराकडसून घेतलला.”

“आम्हाला हे गेल्या वर्षी दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकवलं,” मॅडम म्हणाल्या, “आणि चहासुद्धा थंड होता.” त्यांनी पेन उचललं. “आगीच्या बाटल्यांना धागा नाही. डोळे धुवायच्या नळाला नाही. विजेच्या बटणांना नाही.”

पूजा होणार, हे कळायला रघुला क्षण लागला. “आणि हार?”

“फिरणाऱ्या कशालाच नाही. टेबलाला घाला. बाकी जे बांधाल, त्याचा आकडा मला द्यायचा, आणि सोडवण नवीन अकरा जणांसमोर व्हायची. तोच त्यांचा दुसरा धडा. साहेबांशी मी बोलते.”

“बाटल्याक कुकवाचा बोट तरी?”

“बोट चालेल. भोकात नाही.”

खंडेनवमीच्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर माणूस मावेना. रमाबाईंनी नवी साडी नेसून समई लावली. रघुनं टोपी घातली, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! गिरणीच्या देवा, साच्याच्या देवा, ह्या काचेच्या नळकांड्यांच्या देवा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज हय जी नवी पोरा इली हत, तेंचे डोळे राख, तेंच्या हाताची धा बोटा धाच ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जो कोण डोळ्यांचो चष्मो कपाळार चढवन आम्ल ओतता, तेका अक्कल दी. जो कोण वायरीक वायर, वायरीक वायर जोडता, तेका वायच झटको दी. मोठो नको, पण कळात असो!”

“व्हय म्हाराजा!” प्राध्यापकांतला एक जण खाली बघायला लागला.

“आणि बांधणाऱ्या हाताक सोडवूची याद दी रे म्हाराजा!”

या ‘व्हय’मध्ये मेघना मॅडमचाही आवाज होता. तीनशे गळ्यांचा नव्हता तो. पण रघुनं चांगला कान त्या बाजूला केला.

सुट्टीनंतरच्या सकाळी साडेसातलाच अकरा जण हजर. रघुच्या हातात शामरावाची कात्री. मालननं ती राखेनं घासून दिली होती, तरी जवळ गेलं की बांगडा आठवायचा. एकतीस धागे बांधले होते, तसं मॅडमच्या कागदावर होतं. रघु वाकत गेला, कापत गेला. प्रिती टोपली घेऊन मागं. खिडकीच्या कड्या, कपाटांच्या मुठी, जुना बंब, तराजूचं टेबल.

मोजले. तीस.

परत मोजले. तीसच. टेबलांखाली बघितलं, केराच्या पेटीत बघितलं. आठ वाजून गेले. विभागप्रमुख दारात येऊन घड्याळ दाखवून गेले. “घाडी, नऊला प्रात्यक्षिक आहे, मेन चालू करा.”

“एक कमी आसा, सर.”

“अहो, एक धागा!”

“एकच लागता,” रघु म्हणाला आणि मेनच्या बटणासमोर पाठ लावून उभा राहिला. मॅडम कोपऱ्यात होत्या. त्या मधे पडल्या नाहीत.

मग त्यानं एकेका नव्याच्या तोंडाकडं बघितलं. साचाखात्यात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून माणसाचं तोंड वाचायची सवय जडते. प्रितीपाशी तो थांबला. पांढऱ्या कोटाची तिची उजवी बाही मनगटावर ओढून धरलेली होती.

“हात दाखव, बाये.”

तिनं बाही सरकवली. मनगटावर लाल-पिवळा धागा, दोन बोटं लोंबतं टोक. “काका, खिडकीच्या एका कडीचा मीच काढला. त्या दिवशी जाळ माझ्याकडे आला ना... आई म्हणाली, देवाचा धागा आहे, हातात ठेव. काढू नकोस.”

रघुनं टोक बोटावर घेतलं. टेबलावरच्या ढवळणीच्या यंत्राचा दांडा हातभर अंतरावर होता. मिनिटाला हजार फेरे.

“आवशीक सांग, देव हातात न्हय, डोक्यात ठेवलंय म्हणान. देवाक राग इलोच तर माझ्यार येतलो. माझो हिशोब तसोय चालू आसा.”

“खरंच?”

“शामरावार कितीदा इलो असतलो. ब्याऐंशी वर्सा जगलो तो. धर हात.”

कच्च.

प्रितीनं तो धागा टोपलीत टाकला. “एकतीस,” ती म्हणाली.

रघुनं कोपऱ्यातल्या मॅडमना बघून सवयीनं हात वर केला, मोटरवाल्याला करायचे तशी खूण. त्यांना खूण माहीत नव्हती, पण त्यांनीही हात वर केला. त्यानं मेन ओढला. पंखे फिरले, बंब गुरगुरला.

“आता बगतत काय माझ्या तोंडाकडे? चष्मे घाला,” तो मागं न बघता म्हणाला, कात्री खिशात खुपसली आणि नऊच्या प्रात्यक्षिकाच्या चंचुपात्रांचा ट्रे मोरीकडं घेऊन गेला. वाकताना गुडघ्यांतून वाकला.